दावा मागे घेतल्यावर तडजोडीचं काय? कोकोनेन प्रकरणाचा अभ्यास

१३ एप्रिल १९९२ रोजी कॅलिफोर्नियातल्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टच्या फेडरल, म्हणजे केंद्रीय, कोर्टात एका न्यायाधीशांनी एका कागदावर सही केली. मजकूर नेहमीचा होता. वादीचा दावा आणि प्रतिवादीचा प्रतिदावा दोन्ही पक्षांच्या संमतीनं निकाली काढण्यात येत आहेत आणि याच कारणावरून पुन्हा दावा लावता येणार नाही, एवढंच त्यात होतं. सहीच्या वर शेरा होता, 'इट इज सो ऑर्डर्ड'. आपल्या भाषेत, 'त्याप्रमाणे हुकूम'.

हे सगळं ज्या तडजोडीमुळे घडलं, तिचा मात्र त्या कागदावर उल्लेखसुद्धा नव्हता. अटी नव्हत्या, 'तडजोडीनुसार' असा शब्द नव्हता, आणि अटींच्या अंमलबजावणीपुरता अधिकार कोर्ट स्वतःकडे राखून ठेवत आहे असं वाक्यही नव्हतं. ही उणीव पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १६ मे १९९४ रोजी नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिला आणि तेव्हापासून अमेरिकेत तडजोडीनं दावा मिटवणाऱ्या प्रत्येक वकिलाला या प्रकरणाचं नाव पाठ असावं लागतं: कोकोनेन विरुद्ध गार्डियन लाइफ इन्शुरन्स कंपनी ऑफ अमेरिका.

निकाल छोटा आहे, अधिकृत अहवालात जेमतेम आठ पानं. पण दावा संपल्यावर कोर्टाच्या हाती नेमकं काय उरतं, या प्रश्नाचं इतकं स्वच्छ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

वाद काय होता

वादी कोकोनेन हा गार्डियन लाइफ या विमा कंपनीचा जनरल एजंट. कंपनीनं त्याचा एजन्सी करार संपुष्टात आणला. त्यावर त्यानं कॅलिफोर्नियाच्या राज्य न्यायालयात, म्हणजे तिथल्या सुपीरियर कोर्टात, दावा लावला. दाव्यातली सगळी कारणं राज्याच्या कायद्याखालची होती. कंपनी न्यूयॉर्कची. दोन पक्षकार वेगवेगळ्या राज्यांचे असतील आणि वादाची रक्कम कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर प्रतिवादीला असा दावा फेडरल कोर्टात हलवून घेता येतो. कंपनीनं तेच केलं आणि वर आपला प्रतिदावाही दाखल केला.

खटला जूरीपुढे पूर्ण चालला. पुरावे झाले, दोन्ही बाजूंची अंतिम भाषणं झाली. आता न्यायाधीशांनी जूरीला कायदा समजावून सांगायचा आणि जूरीनं निर्णयासाठी आत जायचं, एवढंच बाकी होतं. नेमक्या त्या टप्प्यावर पक्षकारांचं जमलं. तडजोड तोंडी झाली. मग सगळे न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये गेले आणि तडजोडीचा सारांश न्यायाधीशांसमोर सांगून रेकॉर्डवर घेतला गेला.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढची सगळी गंमत या चेंबरमधल्या प्रसंगाभोवती फिरते. न्यायाधीशांना तडजोड माहीत होती. त्यांच्याच खोलीत, त्यांच्यासमोर, ती उच्चारली गेली. त्यांनी हरकत घेतली नाही. साध्या माणसाला विचारलं तर तो म्हणेल, कोर्टासमोर ठरलं म्हणजे कोर्टानंच ठरवून दिलं. व्यवहारात हीच समजूत सगळीकडे असते. पक्षकाराला तर असतेच, पण पुष्कळदा वकिलालाही.

त्यानंतर एप्रिलमध्ये वर सांगितलेला कागद तयार झाला, सही झाली, दावा बंद झाला.

अडतीस दिवसांनी

तडजोडीनुसार एजंटानं काही फायली कंपनीला परत करायच्या होत्या. कोणत्या फायली, किती, यावर दोघांचं फाटलं. २१ मे रोजी, म्हणजे सहीनंतर अडतिसाव्या दिवशी, कंपनी त्याच फेडरल कोर्टात अर्ज घेऊन आली: तडजोड अमलात आणून द्या.

एजंटानं हरकत घेतली. त्याच्या हरकतींपैकी पुढे टिकली ती एकच: या कोर्टाला आता या विषयात अधिकारिताच, म्हणजे प्रकरण ऐकण्याचा कायदेशीर अधिकारच, नाही. त्या फेडरल कोर्टानं, म्हणजे डिस्ट्रिक्ट कोर्टानं, ती फेटाळली आणि आपल्या 'अंगभूत अधिकारा'चा आधार घेऊन अंमलबजावणीचा हुकूम दिला. एजंट अपिलात गेला आणि अपिलात फक्त अधिकारितेचाच मुद्दा लढवला. नवव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे फेडरल अपिलांचा विभाग) अपील न्यायालयानं खालच्या कोर्टाचा हुकूम कायम ठेवला. त्यांच्याच एका आधीच्या निकालात म्हटलं होतं की तडजोडीमुळे दावा निकाली निघाल्यावरही, देखरेखीच्या अंगभूत अधिकाराखाली डिस्ट्रिक्ट कोर्टाला अंमलबजावणीचा अर्ज ऐकता येतो. त्याचाच दाखला दिला गेला.

नवव्या सर्किटची भूमिका पटकन चूक म्हणून बाजूला सारावी अशी नाही. तिच्यामागे व्यवहाराचं शहाणपण आहे. ज्या न्यायाधीशानं खटला ऐकला, ज्याच्यासमोर अटी सांगितल्या गेल्या, त्याच्याइतकं ते प्रकरण दुसऱ्या कोणाला कळणार? नव्या कोर्टात नवा दावा, नवं समन्स, नवे पुरावे, आणि तेही कशासाठी, तर काही फायलींसाठी. शिवाय तडजोड झाली म्हणून कोर्टाचा वेळ वाचला. तडजोडीला कोर्टानं पाठबळ दिलं नाही, तर लोक तडजोड करतील कशाला? हे सगळे युक्तिवाद खरे आहेत. अडचण एवढीच की सोय आणि अधिकारिता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फेडरल कोर्टाची मर्यादा

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. भारतात केंद्राचे आणि राज्यांचे कायदे एकाच न्यायव्यवस्थेत चालतात. दिवाणी न्यायाधीशाकडे दोन्ही येतात. अमेरिकेत दोन समांतर व्यवस्था आहेत. राज्यांची न्यायालयं सर्वसाधारण अधिकारितेची, म्हणजे तिथे जवळपास कुठलाही दिवाणी वाद नेता येतो. फेडरल न्यायालयांना मात्र राज्यघटनेनं आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, कायद्यानं जेवढं दिलं तेवढंच. फेडरल कायद्याचा प्रश्न असावा लागतो, किंवा पक्षकार भिन्न राज्यांचे आणि रक्कम मर्यादेपेक्षा जास्त असावी लागते. १९९२ मध्ये ती मर्यादा ५०,००० डॉलर होती. आता ७५,००० डॉलर आहे. याशिवाय आणखी काही ठरावीक वर्ग आहेत, बस्स.

ही मर्यादा पक्षकारांच्या संमतीनं ओलांडता येत नाही. दोघंही 'आम्हाला हेच कोर्ट हवं' म्हणाले तरी नाही. आणि अधिकारिता आहे हे दाखवण्याची जबाबदारी, ती आहे असं म्हणणाऱ्यावर. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लिहिणारे न्या. स्कॅलिया यांनी सुरुवातच इथून केली आहे. फेडरल कोर्ट मर्यादित अधिकारितेचं कोर्ट आहे, एखादा विषय त्या मर्यादेबाहेरच आहे असं आधी गृहीत धरायचं, आणि आत आहे म्हणणाऱ्यानं ते सिद्ध करायचं.

मग प्रश्न सरळ होतो. तडजोडीचा करार मोडला, ही तक्रार कोणत्या दारातून फेडरल कोर्टात येते?

दावा मागे घेण्याच्या नियमात, म्हणजे फेडरल दिवाणी नियमावलीच्या नियम ४१ मध्ये, अशी अधिकारिता दिलेली नाही. काँग्रेसच्या कुठल्या कायद्यातही नाही. उरतं ते एकच दार: आनुषंगिक अधिकारिता, म्हणजे मुख्य दावा कोर्टासमोर रीतसर असल्यामुळे त्याला जोडून येणाऱ्या गोष्टींवर मिळणारा अधिकार.

आनुषंगिक म्हणजे किती

कंपनीनं १९०४ सालच्या ज्युलियन विरुद्ध सेंट्रल ट्रस्ट कंपनी या निकालाचा आधार घेतला होता. त्यात एक ऐसपैस वाक्य आहे, की आधीच्या दाव्याचं फळ पदरात पाडून घेण्यासाठी किंवा त्यातल्या कामकाजातून उद्भवलेला दिलासा मागण्यासाठी त्याच कोर्टात आणलेलं प्रकरण आनुषंगिक असतं. वाक्य जसंच्या तसं धरलं तर कंपनी जिंकते. पण स्कॅलिया म्हणतात, निकालात प्रत्यक्ष काय ठरवलं ते बघा, ओघात काय बोललं गेलं ते नव्हे. ज्युलियन प्रकरणात रेल्वेच्या तारण मालमत्तेची विक्री कोर्टाच्या हुकूमनाम्यानं झाली होती आणि त्या हुकूमनाम्यात कोर्टानं अधिकारिता स्पष्ट शब्दांत राखून ठेवली होती. म्हणजे आधाराला आणलेला निकाल उलट एजंटाच्याच बाजूनं बोलत होता. तिथे राखून ठेवली होती, इथे नाही.

मग त्यांनी आनुषंगिक अधिकारितेचे दोन हेतू वेगळे काढले. एक, ज्या मागण्यांची वस्तुस्थिती एकमेकींत गुंतलेली आहे त्या एकाच कोर्टात एकदमच निकाली निघाव्यात. दोन, कोर्टाला आपलं काम नीट चालवता यावं: कामकाजावर ताबा, आपल्या अधिकाराचा मान, आपल्या हुकमांची अंमलबजावणी.

पहिला हेतू इथे लागू होत नाही हे चटकन दिसतं. मूळ दावा एजन्सी करार मोडल्याबद्दलचा. नवा वाद फायली परत करण्याबद्दलचा. एकाचे साक्षीदार दुसऱ्याला उपयोगाचे नाहीत. मूळ दाव्यात कोण बरोबर होतं हे ठरवण्याची गरज आता उरलेलीच नाही. तडजोडीचा अर्थच तो.

दुसऱ्या हेतूवर सगळी लढाई होती, आणि निकालाचा गाभा तिथे आहे. कोर्टाला अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा, आपल्यासमोरचं गैरवर्तन थांबवण्याचा अधिकार लागतो. त्याशिवाय कोर्ट चालूच शकत नाही. पण इथे मागितलेला अधिकार त्या जातीचा नाही. १३ एप्रिलच्या कागदात एकच हुकूम होता: दावा निकाली. तो हुकूम अजिबात धोक्यात आलेला नव्हता. दावा निकाली निघालेलाच होता आणि निकालीच राहणार होता. एजंटानं फायली दिल्या काय आणि न दिल्या काय, कोर्टाच्या त्या हुकमाला कुठेही धक्का लागत नव्हता. धक्का लागला असेल तर दोन पक्षकारांनी आपसांत केलेल्या कराराला.

आणि चेंबरमधल्या त्या प्रसंगाचं काय? त्यावर निकालात एकच वाक्य आहे, आणि या प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची म्हटली तर मी ते वाक्य निवडेन. न्यायाधीशांना तडजोडीच्या अटी नुसत्या माहीत असणं आणि त्यांनी त्यांना मान्यता देणं, एवढ्यानं त्या अटी त्यांच्या हुकमाचा भाग होत नाहीत.

म्हणजे फरक कानावर पडण्यात आणि कागदावर येण्यात आहे. कोर्ट आपल्या हुकमातून बोलतं. न्यायाधीशांनी मान डोलावली, समाधान व्यक्त केलं, दोन्ही बाजूंचं अभिनंदन केलं, यातलं काहीही हुकूम नव्हे. 'त्याप्रमाणे हुकूम' या शेऱ्यातला 'त्याप्रमाणे' हा शब्द वरच्या मजकुराकडे बोट दाखवतो. वरच्या मजकुरात जे नाही, ते त्या शब्दात शिरू शकत नाही.

मग करायला काय हवं होतं

निकाल दार बंद करून थांबत नाही. किल्ली कुठे आहे तेही सांगतो. पक्षकारांना कोर्टाची अंमलबजावणी हवी असेल तर दोन मार्ग आहेत. निकाली काढण्याच्या हुकमातच एक वेगळं कलम घालायचं की तडजोडीच्या अंमलबजावणीपुरती अधिकारिता हे कोर्ट राखून ठेवत आहे. किंवा तडजोडीच्या अटीच हुकमात उतरवायच्या. दोन्हींपैकी काहीही केलं तर करार मोडणं म्हणजे हुकूम मोडणं, आणि हुकूम मोडला की आनुषंगिक अधिकारिता आपोआप आलीच.

दावा कोणत्या पोटनियमाखाली निकाली निघतो यावर थोडा फरक पडतो. कोर्टाच्या परवानगीनं, नियम ४१(अ)(२) खाली, दावा मागे घेतला तर कोर्टाला योग्य वाटतील त्या अटी घालता येतात. त्यात तडजोडीचं पालन ही अटही बसू शकते. सर्व पक्षांच्या सह्यांच्या संमतिपत्रानं दावा मागे घेतला, जसं इथे झालं, तर नियमात कोर्टाच्या हुकमाची मुळात गरजच नाही. तरीही पक्षकार सहमत असतील तर कोर्ट तडजोड हुकमात घेऊ शकतं किंवा अधिकारिता राखून ठेवू शकतं. सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट सांगितलं.

यापैकी काहीच केलेलं नसेल, तर तडजोडीची अंमलबजावणी राज्य न्यायालयाचं काम. अपवाद एकच: नव्या वादाला स्वतःचा असा फेडरल आधार असेल तर. करार मोडल्याचा नवा दावा, भिन्न राज्यांचे पक्षकार, रक्कम मर्यादेच्या वर, असं जमत असेल तर फेडरल कोर्टात नव्यानं या. पण ते पाय नव्या दाव्याचे हवेत. जुन्या दाव्याचे पाय उसने घेता येत नाहीत.

भारतातल्या वकिलाला हे वाचताना दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २३ आठवेल. तिथे नियम १ खाली नुसता दावा काढून घेणं आणि नियम ३ खाली लेखी, सह्यांची तडजोड नोंदवून त्याप्रमाणे हुकूमनामा घेणं, हे दोन रस्ते कायद्यानंच वेगळे केले आहेत. दुसऱ्या रस्त्यानं गेलात तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, करता येते. अमेरिकी नियमावलीत असा तयार दुसरा रस्ता आखून दिलेला नाही. तो दर वेळी हुकमाच्या मजकुरातून बांधून घ्यावा लागतो. कोकोनेनमधली अडचण समजायला हा फरक पुरेसा आहे, म्हणून इतकाच उल्लेख.

अंमलबजावणी वेगळी, दावा पुन्हा उघडणं वेगळं

निकालातला एक बारकावा वाचताना सुटून जातो. कंपनीनं 'समोरच्यानं तडजोड मोडली, सबब आमचा जुना दावा पुन्हा चालू करा' असं म्हटलं नव्हतं. तिनं मागितलं ते 'तडजोड पाळायला लावा'. सर्वोच्च न्यायालयानं हा भेद मुद्दाम अधोरेखित केला. काही सर्किटांनी पूर्वी म्हटलं होतं की तडजोड मोडली गेली तर नियम ६०(ब)(६) खाली निकाली काढण्याचा हुकूम मागे घेऊन दावा पुन्हा उघडता येतो. न्यायालयानं त्यावर मत दिलं नाही, पण ती मागणी वेगळ्या जातीची आहे एवढं सांगितलं. करार मोडल्याची भरपाई देणं किंवा तो पाळायला लावणं, हे जुना दावा पुढे चालवण्यापेक्षा जास्त काहीतरी आहे, आणि त्या जास्तीला स्वतंत्र अधिकारिता लागते.

पक्षकाराच्या दृष्टीनं ही निवड फार अवघड असते. दावा पुन्हा उघडला तर तडजोड मोडीत निघते. मिळालेलं परत करावं लागू शकतं, आणि पुन्हा पहिल्यापासून लढायचं. तडजोड टिकवून पैसे किंवा वस्तू हव्या असतील तर हा उपाय कामाचा नाही. शिवाय ६०(ब)(६) हा अपवादात्मक परिस्थितीसाठीचा नियम आहे, आणि 'समोरच्यानं शब्द मोडला' हे दर वेळी अपवादात्मक ठरेलच असं नाही. याच नियम ६०(ब) बद्दल फेब्रुवारी २०२५ मध्ये वेट्झिग विरुद्ध हॅलिबर्टन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ठरवलं की वादीनं पुन्हा लावण्याची मुभा ठेवून स्वतःहून मागे घेतलेला दावा हासुद्धा 'अंतिम कार्यवाही'त मोडतो, म्हणजे तो उघडण्याचा अर्ज निदान करता येतो. ती तडजोडीची केस नव्हती, तरी मागे घेतलेला दावा आणि नियम ६०(ब) यांचा संबंध तिच्यामुळे बराच स्पष्ट झाला.

नंतरच्या तीस वर्षांत शब्दांवरून झालेल्या लढाया

कोकोनेननं नियम दिला, पण 'हुकमात घेतली' म्हणजे किती शब्दांत घेतली, हा प्रश्न खालच्या न्यायालयांपुढे येत राहिला. फार-मोर या औषध दुकानांच्या साखळीच्या रोख्यांवरून झालेल्या खटल्यात निकाली काढण्याच्या हुकमात 'तडजोडीच्या अटींनुसार' असे शब्द होते. १९९९ मध्ये तिसऱ्या सर्किटनं म्हटलं, एवढं पुरेसं नाही. त्या शब्दांवरून दावा कशामुळे निघाला ते कळतं; अटी पाळा असा हुकूम त्यातून निघत नाही. मला हा निकाल कडक वाटतो, पण चूक म्हणता येत नाही. कोणाला अवमानाखाली उभं करायचं असेल तर त्यानं नेमकं काय करायचं होतं, हे कागदावर स्पष्ट असायलाच हवं.

त्याहून शिकण्यासारखं प्रकरण २०१२ सालचं, अकराव्या सर्किटचं: अनागो फ्रँचायझिंग विरुद्ध शाझ. तिथे पक्षकारांनी काळजी घेतली होती. तडजोडीच्या करारातच लिहिलं होतं की कोर्टाकडे अंमलबजावणीची अधिकारिता राहील. मग सर्वांच्या सह्यांचं संमतिपत्र दाखल केलं, आणि नंतर कोर्टानं दावा निकाली काढल्याचा हुकूम काढला. त्या हुकमात अधिकारिता राखल्याचा शब्द नव्हता. अपील न्यायालय म्हणालं, करारात काहीही लिहा, पक्षकार आपसांत लिहून कोर्टाला अधिकारिता देऊ शकत नाहीत. ती कोर्टाच्या हुकमानंच राहते. आणि त्याहीपुढे, सह्यांचं संमतिपत्र दाखल झाल्याक्षणी दावा आपोआप संपतो, त्याला हुकमाची वाट पाहावी लागत नाही. तो संपला की कोर्टाचा हात सुटला. त्यानंतर काढलेल्या हुकमात अधिकारिता राखून ठेवायला कोर्टाकडे काही शिल्लकच नसतं.

म्हणून क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी अधिकारिता राखण्याचा हुकूम, मग संमतिपत्र. किंवा संमतिपत्रातच लिहायचं की कोर्टानं असा हुकूम काढल्यावरच हे अमलात येईल. एका दिवसाच्या, कधी एका तासाच्या फरकानं कोर्टाचा अधिकार राहतो किंवा जातो.

२००१ सालच्या बकहॅनन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं खाजगी तडजोड आणि कोर्टाच्या हुकमात उतरलेली तडजोड यांतला हाच फरक वकील-फीच्या संदर्भात, म्हणजे समोरच्याकडून वकिलाची फी वसूल करता येते का हे ठरवताना, वापरला. तोंडओळखीपुरतं एवढं पुरे.

राज्य न्यायालयात तरी सोपं आहे का

'राज्य न्यायालयात जा' असं कोकोनेननं सांगितलं, पण तिथला कायदा काय म्हणतो? मूळ दावा ज्या कॅलिफोर्नियात सुरू झाला, तिथल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६६४.६ आहे. पक्षकारांनी लेखी, किंवा कोर्टासमोर तोंडी, तडजोड केली असेल तर साध्या अर्जावर तिच्याप्रमाणे निवाडा मिळू शकतो, आणि पक्षकारांनी विनंती केली असेल तर दावा निकाली निघाल्यावरही कोर्ट त्यासाठी अधिकारिता राखू शकतं. कोर्टासमोर तोंडी केलेली तडजोडही चालते, हे बघा. चेंबरमध्ये रेकॉर्डवर सांगितलेली ती तडजोड या कलमाच्या किती जवळ जाते! पण तिथेही विनंती हवीच, आणि ती दावा जिवंत असताना हवी.

२०१९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं लॉस एंजेलिस शहराविरुद्धच्या मेसा आरएचएफ पार्टनर्स प्रकरणात हे किती काटेकोरपणे पाहिलं जातं ते दाखवलं. दावा निकाली काढण्याच्या छापील फॉर्मवर वकिलांनी ओळ टाकली होती की कोर्ट कलम ६६४.६ खाली अधिकारिता राखेल. ओळ होती, पण सही फक्त वकिलांची होती. विनंती पक्षकारांनी स्वतः करायला हवी होती, सबब अधिकारिता नाही. तडजोडीचा सह्यांचा कागद जोडून विनंतीचं संमतिपत्र आणि हुकमाचा मसुदा दिला असता, किंवा पक्षकारांच्याच सह्यांचं संमतिपत्र आणि हुकमाचा मसुदा दिला असता, तरी भागलं असतं. पुढे विधिमंडळानं कलम दुरुस्त केलं आणि १ जानेवारी २०२१ पासून वकिलाची सहीही चालू लागली. दुरुस्ती योग्य झाली असं मला वाटतं. पक्षकाराच्या संमतीची खात्री हवी हे खरं. पण ज्या वकिलाच्या सहीनं अख्खा दावा मागे घेता येतो, त्याच्या सहीनं अंमलबजावणीची विनंती का करता येऊ नये?

हप्त्यांची तडजोड

कोकोनेनचा निकाल कायद्यानं बरोबर आहे याबद्दल मला शंका नाही. पण तो वाचताना माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं ते त्या प्रकरणात नसलेल्या माणसाकडे. समजा, कामावरून काढलेल्या एका कामगारानं फेडरल कोर्टात दावा लावला आणि चोवीस मासिक हप्त्यांवर मिटवला. पहिल्या हप्त्याचा चेक हातात पडतो, वकील दावा निकाली काढण्याचा कागद दाखल करतो, पुन्हा दावा न लावण्याच्या अटीसह. सातव्या महिन्यात हप्ते थांबतात. आता त्याच्याकडे जुना दावा नाही, हुकूम नाही, अवमानाचा धाक नाही. आहे फक्त एक करार, आणि तो घेऊन दुसऱ्या कोर्टाच्या रांगेत पहिल्यापासून उभं राहायचं. विमा कंपनीला फायलींसाठी नवा दावा परवडतो. याला परवडेलच असं नाही. उरलेल्या अठरा हप्त्यांची बेरीज ७५,००० डॉलरच्या खाली असेल तर भिन्न राज्यांचं दारही बंद.

अशा माणसाचा वकील काय करू शकतो, हे कोकोनेननंतर पुरेसं स्पष्ट आहे. शेवटचा हप्ता येईपर्यंत दावा निकाली काढायचाच नाही, स्थगित ठेवायचा. न्यायाधीश चोवीस महिने प्रकरण यादीवर ठेवायला तयार नसतात, तरी विचारायला हरकत नसते. किंवा ठरावीक मुदतीत पैसे आले नाहीत तर दावा पुन्हा यादीवर घेण्याची मुभा देणारा हुकूम मागायचा. किंवा हप्ता चुकल्यास उरलेल्या सगळ्या रकमेचा निवाडा दाखल करायला प्रतिवादीची आगाऊ लेखी संमती घेऊन ठेवायची. आणि यातलं काहीच जमलं नाही तर निदान हुकमाच्या मसुद्यात हे लिहायचं:

'पक्षकारांमधील अमुक तारखेचा तडजोडीचा करार या हुकमासोबत जोडला असून तो या हुकमाचा भाग आहे. पक्षकारांनी त्याच्या अटी पाळाव्यात असा हुकूम करण्यात येत आहे. या अटींच्या अंमलबजावणीसाठी हे न्यायालय आपली अधिकारिता राखून ठेवत आहे. दावा निकाली काढण्याचे संमतिपत्र हा हुकूम दाखल झाल्यानंतरच अमलात येईल.'

चार वाक्यं. पहिलं आणि दुसरं वाक्य अटी हुकमात उतरवतं, तिसरं राखण्याचं काम करतं, चौथं अनागोमधला सापळा टाळतं. मात्र एक किंमत आहे: जोडलेला करार कोर्टाच्या रेकॉर्डवर येतो, म्हणजे तो गुप्त राहत नाही. प्रतिवादी पुष्कळदा याच कारणासाठी नाही म्हणतो. मग पहिली दोन वाक्यं गाळून तिसऱ्यावर भागवावं लागतं. त्यात करार न जोडता फक्त त्याच्या तारखेचा उल्लेख करायचा. कोकोनेननुसार अधिकारिता राखण्याचं तेवढं कलमही पुरतं.

सर्वोच्च न्यायालयानं नवव्या सर्किटचा निकाल फिरवला आणि प्रकरण पुढच्या कार्यवाहीसाठी परत पाठवलं. मूळ तोंडी तडजोडीला तेव्हा दोन वर्षं उलटून गेली होती. कोणत्या फायली परत करायच्या होत्या आणि एजंटानं खरोखर करार मोडला होता का, या प्रश्नाला त्या आठ पानांत कुठेही हात लावलेला नाही.